दोन मिनिटं बोला, अडीचशे शब्द लिहा

घरातलं मूल परदेशी निघालं, की पूर्वी दोनच गोष्टींची काळजी असे: पैसे आणि लोकरीचे कपडे. आता तिसरी गोष्ट या दोन्हींच्या आधी येते, ती म्हणजे इंग्रजीची परीक्षा. तिचं पूर्ण नाव उच्चारण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. ‘आयईएलटीएस’ ही आद्याक्षरंसुद्धा मुलांच्या तोंडी ‘आयेल्ट्स’ होऊन बसली आहेत. एकदा बसायचे सतरा-अठरा हजार रुपये, क्लासची फी वेगळी, आणि निकालाची मुदत दोन वर्षं. म्हणजे बिस्किटाच्या पुड्यासारखी इंग्रजीलाही ‘अमुक तारखेपूर्वी वापरा’ अशी सूचना आली!

बारावीला इंग्रजीत पंचाऐंशी मिळवलेला, इंजिनीअरिंग इंग्रजीतून केलेला मुलगा या परीक्षेला निघतो तेव्हा आईवडिलांना वाटतं, यात अवघड ते काय? निकाल येतो, तो असा: ऐकण्यात साडेसात, वाचण्यात सात, लिहिण्यात सहा आणि बोलण्यातही सहा. घर बुचकळ्यात पडतं. इंग्रजी तर तेच, मुलगाही तोच. मग कानांना आणि डोळ्यांना येणारं इंग्रजी जिभेला आणि हाताला का येत नाही?

या कोड्याचं उत्तर परीक्षेपेक्षा आपल्या घरात आणि शाळेत जास्त आहे, असं मला वाटतं. पण आधी परीक्षा काय मागते ते नीट पाहू. अनेक घरांत फी भरली जाते, क्लास लागतो, पण नेमकं काय मागितलं आहे हे कोणी विचारतच नाही.

सध्याच्या नावाने ही परीक्षा १९८९ साली सुरू झाली. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं हे तिचे चार भाग. पहिल्या दोन भागांत उत्तर कुठे ना कुठे समोर असतं. ध्वनिफितीत किंवा उताऱ्यात ते लपलेलं असतं, आपण शोधायचं. उरलेल्या दोन भागांत मात्र काही लपलेलं नसतं, कारण तिथे काही ठेवलेलंच नसतं. जे आणायचं ते आपण आणायचं. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

बोलण्याची परीक्षा अकरा ते चौदा मिनिटांची. समोर परीक्षक बसतो आणि सगळं बोलणं ध्वनिमुद्रित होतं. पहिली चार-पाच मिनिटं घर, गाव, शिक्षण, आवडीनिवडी अशा गप्पांची. मग हातात एक कार्ड दिलं जातं. लक्षात राहिलेला एखादा प्रवास, ज्याच्याकडून काही शिकलात असा माणूस, अशा धर्तीचा विषय त्यावर असतो. विचार करायला एक मिनिट, टिपण करायला कागद-पेन्सिल, आणि मग एक ते दोन मिनिटं न थांबता बोलायचं. शेवटी त्याच विषयाच्या अंगाने आणखी चार-पाच मिनिटं चर्चा. प्रवासावर बोललात, तर पर्यटनाने गावाचं भलं होतं की नुकसान, असं काही तरी.

लिहिण्याला एक तास आणि दोन प्रश्न. पहिल्याला किमान १५० शब्द, दुसऱ्याला किमान २५०. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट, म्हणून पहिल्याला वीस मिनिटं आणि दुसऱ्याला चाळीस, अशी वाटणी सांगितली जाते. विद्यापीठात जाणाऱ्यांना पहिल्या प्रश्नात एखादा आलेख किंवा तक्ता देऊन त्यात काय दिसतं ते लिहायला सांगतात. नोकरीसाठी किंवा स्थायिक होण्यासाठी ‘जनरल ट्रेनिंग’ची परीक्षा देणाऱ्यांना पत्र लिहावं लागतं. दुसरा प्रश्न दोघांनाही निबंधाचा.

आता गुण कशाला मिळतात? बोलण्यात चार गोष्टी पाहतात आणि चारांना सारखंच वजन: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. लिहिण्यातही चारच: विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मांडणी, शब्दसंपत्ती, व्याकरण. यादी पुन्हा एकदा वाचा. साहेबासारखे उच्चार तिच्यात कुठेही मागितलेले नाहीत, समजतील असे उच्चार हवेत. तुमचं मत परीक्षकाला पटलं पाहिजे अशी अट नाही, ते तुम्ही मांडलं पाहिजे एवढीच आहे. जड शब्दांना जड असण्याबद्दल गुण नाहीत, जागच्या जागी बसलेल्या शब्दाला आहेत.

थोडक्यात, परीक्षेचं म्हणणं असं: तुम्हाला काही सांगायचं आहे, ते समोरच्याला कळेल असं ओळीने सांगा. आणि नेमकं हेच आपण मुलांना कधी शिकवलेलं नाही.

माझ्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून शिकवलं जाऊ लागलं. चार वर्षं वाढली, पण शिकण्याची रीत फारशी बदलली नाही. निबंध म्हणजे ‘माझा आवडता ऋतू’, तोही गाइडातला. वर्गातल्या साठही मुलांचा आवडता ऋतू एकच, आणि तो आवडण्याची कारणंही साठ वह्यांत तीच! फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त आपण सगळ्यांनी लिहिलं, स्वतःच्या आयुष्यातली एक दुपार मात्र कोणी लिहायला सांगितली नाही. तोंडी परीक्षा कागदावर होती, पण ती किती शाळांत मन लावून घेतली जाते, हे ज्याने त्याने आपल्या मुलाला विचारावं. उत्तर हे आपलं नसतंच, ते कुठून तरी आणून वेळेवर ओतायचं असतं, असा संस्कार बारा वर्षं झालेला असतो.

मग अशी मुलं क्लासला जातात तेव्हा काय मागतात? तयार उत्तरं. आणि मागणी तसा पुरवठा. बरेच क्लास प्रामाणिकपणे शिकवतात, यात शंका नाही. पण निबंधाचे साचे वाटणारेही पुष्कळ आहेत. पहिल्या परिच्छेदात ‘आजच्या वेगवान युगात’, दुसऱ्यात ‘नाण्याला दोन बाजू असतात’, शेवटी ‘सारांश, प्रत्येक गोष्टीचे फायदे-तोटे असतात’. मधल्या रिकाम्या जागेत विषय भरायचा. बोलण्यासाठीही तसंच: एका ‘आवडत्या माणसा’ची दोन मिनिटं पाठ करायची आणि कोणतंही कार्ड आलं तरी त्या माणसाला तिथे आणून बसवायचं.

अडचण एवढीच, की परीक्षक हे साचे ओळखतात. पाठ केलेलं उत्तर ओळखण्याचं त्यांना शिक्षण दिलेलं असतं आणि अशा उत्तराचे गुण कापले जातात. पाठांतर ऐकू येतंच. पाठ केलेल्या भागात गाडी एक्स्प्रेससारखी धावते आणि तो संपला, की रुळावरून घसरते. तीस सेकंद ‘प्लेथोरा’ आणि ‘पॅरामाउंट’, आणि एकतिसाव्या सेकंदाला ‘आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स’. हे दोन्ही एकाच माणसाचं इंग्रजी नाही, हे कळायला परीक्षकच कशाला हवा?

बँकेतल्या नोकरीत माझा बराच काळ अर्ज वाचण्यात गेला. तालुक्याच्या शाखेत असताना दोन तऱ्हेचे अर्ज यायचे. एक तऱ्हा कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या लेखनिकाकडून इंग्रजीत लिहून आणलेल्यांची. त्यात ‘मोस्ट रिस्पेक्टफुली आय बेग टू स्टेट’ असायचं, ‘किंडली डू द नीडफुल’ असायचं, साहेबाच्या दीर्घायुष्याची प्रार्थनासुद्धा असायची. नसायचं एवढंच, की कर्ज किती हवं आणि कशाला. दुसरी तऱ्हा काउंटरशी उभं राहून मराठीत सांगणाऱ्यांची: “दोन म्हशी आहेत साहेब. एक भाकड झाली. डेरीचं दूध निम्म्यावर आलंय. दुसरी घेतली तर दिवाळीपर्यंत हप्ता सुरू करतो.” चार वाक्यांत गरज, कारण, रक्कम काढायचा आधार आणि परतफेड, सगळं आलं. या दुसऱ्या माणसाच्या बोलण्याचा इंग्रजी तर्जुमा करायला पाच मिनिटं लागत. पहिल्या अर्जाचा कोणत्याही भाषेत तर्जुमा करून उपयोग नसे, कारण त्यात मजकूरच नव्हता.

जनरल ट्रेनिंगच्या पत्राचं मर्म हेच आहे. प्रश्नात तीन मुद्दे दिलेले असतात. समजा, घरमालकाला लिहायचं आहे: काय बिघडलं, त्यामुळे काय त्रास होतो, आणि मालकाने काय करावं. तिन्ही मुद्द्यांना उत्तर द्या, ज्याला लिहिता त्याच्याशी शोभेल अशा सुरात लिहा आणि थांबा. आलेखाच्या प्रश्नालाही बँकेचीच शिस्त कामी येते. तिमाही आढाव्यात शाखाधिकाऱ्याने प्रत्येक खात्याचा आकडा वाचून दाखवला, तर बैठक संध्याकाळपर्यंत संपायची नाही. तो आधी सांगतो, की ठेवी वाढल्या, कर्जवाटप मात्र जागच्या जागी राहिलं. मग दोन-चार ठळक आकडे देतो. आलेखातही तेच: आधी एकूण चित्र, मग ठळक चढउतार, मग तुलना. ‘असं का झालं असावं’ याबद्दलचे आपले तर्क तिथे लढवायचे नाहीत, ते कोणी विचारलेले नाहीत.

आमच्या ओळखीत एक मुलगी आहे, मोठ्या रुग्णालयात परिचारिका. तिला ब्रिटनला जायचं होतं. तिथल्या परिचारिकांच्या नोंदणीसाठी नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलला ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत सात आणि लिहिण्यात साडेसहा गुण लागतात. लिहिण्याची अटही आधी सातची होती, २०१८ च्या डिसेंबरात ती अर्ध्याने खाली आली. या मुलीला बाकी सगळं मिळालं, लिहिण्यात सहा. अर्ध्या गुणाने सगळं अडलं. वडील निवृत्त, धाकट्या भावाचं शिक्षण चालू, परीक्षेची आणि क्लासची फी तिच्याच पगारातून गेलेली. ती तिचा निबंध दाखवायला माझ्याकडे आली. विषय होता वृद्धांनी घरी राहावं की वृद्धाश्रमात. निबंधात युग वेगवान होतं, नाण्याला दोन बाजू होत्या, एकही म्हातारा माणूस मात्र नव्हता.

मी तिला विचारलं, “रात्रपाळी संपताना पुढच्या नर्सला काय लिहून देतेस?” तिने दोन-तीन नोंदी जशा लिहिते तशा लिहून दाखवल्या, अर्थात कोणाचं नाव न घेता. त्या इंग्रजीतच होत्या. रुग्ण कितव्या दिवसाचा, रात्री ताप किती होता, कधी उतरला, काय दिलं, आता कशाकडे लक्ष ठेवायचं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. वाचणाऱ्याने चुकीचं समजून घेतलं तर एखाद्याच्या जिवावर बेतेल, हे माहीत असलेल्या हाताने लिहिलेलं ते इंग्रजी होतं. मी म्हटलं, “अगं, ही तू आहेस. निबंध लिहिणारी बाई कोण आहे, मला माहीत नाही.”

त्यानंतर तिने साचे बाजूला ठेवले. वृद्धांवरचा निबंध पुन्हा लिहिला, तेव्हा त्यात वॉर्डातली माणसं आली. घरी काळजी घ्यायला कोणी नाही म्हणून घरी जायला तयार नसलेले आजोबा आले. मग ‘घर बरं की वृद्धाश्रम’ याचं तिचं स्वतःचं उत्तर निघालं: घरात माणूस असेल तर घर, नुसत्या भिंती असतील तर नाही. पुढच्या खेपेला तिला साडेसहा मिळाले. हवे होते तेवढेच.

यात चमत्कार काही नाही. शब्द तिच्याकडे आधीपासून होते, ते कोणाला उद्देशून वापरायचे हे सापडलं.

आपल्याकडे याचा फार मोठा दाखला १८८३ सालचा आहे. आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्यासाठी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा ‘आयेल्ट्स’ नव्हती. पण बोलण्याची आणि लिहिण्याची अशा दोन्ही परीक्षा त्यांना द्याव्या लागल्या. फेब्रुवारी १८८३ मध्ये कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला त्यांनी जाहीर सभेत इंग्रजीतून भाषण केलं. वय अठराही पूर्ण नव्हतं. त्यांनी काय केलं? लोक पाठीमागे जे प्रश्न विचारत होते, तेच पुढे घेतले. अमेरिकेला का? इथे शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचं काय? संकट आलं तर? कोणत्याही बाईने केलं नाही ते हिनेच का करावं? एकेक प्रश्न घेतला, एकेकाचं उत्तर दिलं. आजच्या निबंधाच्या कसोट्या लावून पाहा: विचारलं त्याचं उत्तर, मुद्द्यांचा क्रम, ठाम मत. पुढे अमेरिकेत पोचल्यावर फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिलं. त्यात प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हेही सरळ लिहून टाकलं आणि तरीही आपली बाजू मांडली. प्रवेश मिळाला. मार्च १८८६ मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या.

हे इंग्रजी आलं कुठून? पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. शिकवण्याचा आग्रह त्यांचा, आणि त्यांची शिकवण्याची कठोर रीत आज कोणाला मान्य होणार नाही. पण आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे आपलं कमी लक्ष जातं. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंशी आनंदीबाईंचा १८८० पासून पत्रव्यवहार होता. एका खऱ्या माणसाला, खऱ्या गोष्टी कळवण्यासाठी इंग्रजीत लिहायचं. घर कसं असतं, सण कसे असतात, आपल्या मनात काय आहे. तीन वर्षांच्या या पत्रांनी जे केलं, ते कोणत्याही पाठमालेने झालं नसतं. कारण पत्राला उत्तर येतं. आपण लिहिलेलं कोणाला तरी कळलं, याचा तो पुरावा असतो.

तेव्हा तयारी करायची ती अशी. मी सांगतो त्यात नवं काही नाही, सगळं घरात होण्यासारखं आहे.

बोलण्याची तयारी मराठीतून सुरू करा. हे वाचून क्लासवाले हसतील, पण करून पाहा. मुलाला विचारा, “तुझ्या लक्षात राहिलेला एक प्रवास सांग, दोन मिनिटं.” चाळीस सेकंदांत गाडी थांबेल: “मजा आली, बस.” मग ही अडचण इंग्रजीची उरली का? ज्याला मायबोलीत दोन मिनिटं सलग सांगता येत नाही, त्याला परभाषेत कुठून येणार? आधी मराठीत सांगू द्या. कोण बरोबर होतं, गाडी कुठे अडकली, आजी काय म्हणाली, तेव्हा काय वाटलं. गोष्ट सापडली, की तीच लगेच इंग्रजीत. एक मिनिटाच्या टिपणात वाक्यं लिहायची नाहीत, चार-पाच शब्द लिहायचे: पाऊस, घाट, आजी, चहा, पहाट. एकेक शब्द म्हणजे एकेक खुंटी, तिच्यावर पंचवीस सेकंदांचं बोलणं टांगता येतं.

ते मोबाइलवर मुद्रित करून ऐकायचं. स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकणं कोणालाच सुखाचं नसतं, पण तिसऱ्या दिवशी लाज जाते आणि कान उघडतो. मराठी माणसाच्या काही खोडी ठरलेल्या आहेत. ‘मी पाच वर्षांपासून इथे राहतो’ हे आपण ‘सिन्स फाइव्ह इयर्स’ असं करून मोकळे होतो, कारण आपला ‘पासून’ दोन्हीकडे चालतो. इंग्रजीला तिथे ‘फॉर’ लागतो आणि क्रियापदही ‘हॅव लिव्ह्ड’ असं हवं. ‘विषयावर चर्चा’ केली म्हणून ‘डिस्कस’पुढे ‘ऑन’ किंवा ‘अबाउट’ येतं, तिथे काहीच नको असतं. ‘अ’ आणि ‘द’ यांना मराठीत जोड नाही, म्हणून ते गळतात. एखादी वस्तू पहिल्यांदा आली तर ‘अ’, ओळख झाल्यावर ‘द’, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्म्या चुका जातात. उच्चारांत आपली अडचण अक्षरांपेक्षा आघाताची असते. आपण सगळे अवयव सारख्या वजनाने बोलतो. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’चा जोर पहिल्या अवयवावर, आणि ‘फोटोग्राफर’ म्हटलं की तो दुसऱ्यावर सरकतो. कोशात ही खूण दिलेली असते. रोज पाच शब्द पाहिले तरी पुरे. जीभ वळवून साहेब व्हायचं कारण नाही, समोरच्याने ‘काय म्हणालात?’ असं विचारू नये, एवढंच.

लिहिण्यासाठी घड्याळ लावून बसायचं. चाळीस मिनिटांतली पहिली पाच मिनिटं एक अक्षरही लिहायचं नाही. प्रश्न दोनदा वाचायचा. ‘दोन्ही बाजूंची चर्चा करून तुमचं मत द्या’ असं विचारलं असेल तर तीन कामं आहेत, एक नाही. मग मराठीत एका ओळीत आपलं मत लिहायचं. ते लिहिता येत नसेल तर निबंधही लिहिता येणार नाही. त्याला दोन कारणं, प्रत्येक कारणाला एक उदाहरण, आणि उदाहरण आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं. शेवटची पाच मिनिटं चुका शोधायला. २५० शब्दांपेक्षा कमी लिहू नका, गुण जातात. आणि चारशे लिहिल्याने वाढत नाहीत.

लिहिलेलं कोणीतरी वाचलं पाहिजे. हल्ली हे काम करायला फोनमध्येच कृत्रिम बुद्धिमत्ता येऊन बसली आहे. ती वाईट नाही, पण तिच्याकडून काय करून घेता यावर सगळं आहे. तिला ‘निबंध लिहून दे’ म्हणालात तर ती नवा गाइड झाली. ‘माझ्या निबंधात चुका कुठे आहेत आणि का, ते सांग’ म्हणालात तर ती शिक्षक झाली. सांगितलेली प्रत्येक चूक एका वहीत लिहायची आणि तोच निबंध दोन दिवसांनी पुन्हा स्वतःच्या हाताने लिहायचा. तीस निबंध एकेकदा लिहिण्यापेक्षा दहा निबंध तीनदा लिहिणारा पुढे जातो, असा माझा अनुभव आहे. कादंबरीलाही हाच नियम लागू पडतो.

आईवडिलांना वाटतं, आपलं इंग्रजी बेताचं, आपण काय मदत करणार? करू शकता, आणि तुमच्याशिवाय ती होणारही नाही. ऐकायला बसा. इंग्रजी निम्मं कळलं तरी मूल अडखळलं कुठे, गोष्ट तुटली कुठे, हे कोणत्याही आईला कळतं. “पुढे काय झालं?” हा प्रश्न कोणत्याही भाषेत विचारता येतो. फक्त एक पथ्य पाळा: मध्ये टोकू नका आणि हसू नका. आपल्याकडे चुकीच्या इंग्रजीला जेवढं हसतात, तेवढं चुकीच्या हिशेबालाही हसत नाहीत. एका ‘ही डोन्ट’वरून भर पंगतीत झालेली थट्टा माणूस वीस वर्षं विसरत नाही, आणि परीक्षकासमोर जीभ टाळ्याला चिकटते ती त्या आठवणीने.

एक शंका रास्त आहे. अर्ध्या गुणावर एखाद्याचं आयुष्य अडवणं न्यायाचं आहे का? फी परवडत नाही म्हणून पुन्हा न बसणारी मुलं किती असतील! परीक्षांचा हा बाजार मला आवडतो असं मुळीच नाही. पण दाराच्या पलीकडे काय आहे तेही पाहिलं पाहिजे. तिथे परिचारिकेला मध्यरात्री डॉक्टरला फोन करून दोन मिनिटांत रुग्णाची अवस्था सांगायची आहे. विद्यार्थ्याला घरमालकाला लिहायचं आहे, की हीटर बंद आहे आणि घरात बसवत नाही. कामावर कोणी अन्याय केला, तर चार ओळींत तक्रार करायची आहे. तिथे क्लास नसेल, साचा नसेल आणि आईही जवळ नसेल. स्वतःचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडता येणं, एवढीच शिदोरी बरोबर असेल. परीक्षा गेली तर पुन्हा देता येते. परक्या देशात गरजेच्या वेळी गप्प बसावं लागणं, ही त्याहून मोठी नापासी आहे.

म्हणून मुलाला सातासमुद्रापार पाठवायचं असो वा नसो, आज रविवार आहे, जेवणं झाली की त्याला समोर बसवा. घड्याळ लावा आणि दोन मिनिटं बोलू द्या. आधी मराठीत, मग इंग्रजीत. विषय कोणताही चालेल. उत्तर मात्र त्याचं असू द्या.